बाबांच्या बोलण्यातल्या जागा

१२ जानेवारी

दादा,

नमस्कार. फोन न करता पत्र कशाला, असं विचारू नकोस. फोनवर आपण हवापाण्याच्या पुढे गेलो की भांडतो आणि मग वहिनीला मध्ये पडावं लागतं. पत्रात निदान तुला माझं बोलणं अर्ध्यावर तोडता येत नाही.

काम असल्याशिवाय मी लिहीत नाही, हेही तू ओळखलं असशील. मार्चमध्ये इथल्या संग्रहालयात माझं नवं काम लागणार आहे. चित्र नाही, पुतळा नाही, एक खोली. आत एक बाक, भिंतीत स्पीकर, बाकासमोर माइक. माणूस बसला की एक आवाज बोलायला लागतो आणि त्याच्याबरोबर भिंतीवर उजेड हलतो. बसलेल्याने तोंड उघडलं की खोली त्याचं बोलणं आपल्यात घेते आणि तेवढंच जुनं बोलणं कायमचं सोडून देते. पुढच्या माणसाला दोघांचं मिळून ऐकू येतं. असं करत करत ते काम माझं राहत नाही, येणाऱ्यांचं होतं. लांब उभं राहून, मान वाकडी करून 'छान आहे हं' म्हणणारा प्रेक्षक मला आता नको झालाय. जन्मभर तोच बघितला.

मला सुरुवातीचा आवाज हवा आहे, आणि तो बाबांचा हवा आहे. ते कामावरून पाठवायचे त्या कॅसेटी आईच्या कपाटात असतील. छपाईची यंत्रं बसवत गावोगाव फिरणारा माणूस, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पत्राऐवजी घरी कॅसेट भरून पाठवायचा. बाबा गेले तेव्हा मी एवढीशी होते, मला त्यातलं काही आठवत नाही. आई तर तेव्हापासून त्या कॅसेटींकडे बघतही नाही. तिला विचारून उगाच जुनी खपली काढू नकोस. तूच काढ आणि पाठव.

तुझी
टिटवी

२६ जानेवारी

टिटवे,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात वाटायचे?

तुझ्या खोलीचं वर्णन वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे लोकांनी तिकीट काढून यायचं आणि कामही त्यांनीच करायचं?" मी म्हटलं, हल्ली तसंच असतं. माझ्या चष्म्याच्या दुकानात तरी दुसरं काय होतं? दिवसभर मी गिऱ्हाइकाला विचारतो, आता बरं दिसतं की मघाचं बरं होतं? तो सांगेल तशी काच बदलतो. तेव्हा मीही कलावंतच म्हणायचा. बाकी काय सोडून देते, काय आत घेते, ते माझ्या डोक्यावरून गेलं. तुझं तू जाण.

कॅसेटी बहुतेक बुरशीने गेल्या. एकच धड निघाली, ती पाठवतो आहे. आई शेजारी गेली होती तेव्हा कपाटातून काढली. तू म्हणालीस म्हणून विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यासमोर बाबांचा विषय काढायचा मलाही धीर होत नाही.

तिचे डोळे पुन्हा दाखवून आणले. एवढ्या लोकांना मी चष्मे दिले, पण आईला दिसेल अशी काच माझ्याकडे नाही. दारात कुणीतरी उभं आहे एवढं तिला कळतं. कोण, ते आवाजावरून ओळखते.

कॅसेट वापर आणि परत पाठव. वस्तू सांभाळण्यातला तुझा लौकिक सगळ्या घराला ठाऊक आहे.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

कॅसेट मिळाली आणि ऐकली. मी बाबांचा आवाज विसरून गेले होते रे. फोटोतला चेहरा पाठ होता, आवाज नव्हता. आमचा आवाजाचं काम बघणारा माणूस समोर बसलेला असतानाच मला रडू फुटलं. बिचारा चहा आणतो म्हणून उठून गेला आणि बराच वेळ आला नाही.

पण एक नवलाची गोष्ट सांगते. बाबा बोलता बोलता थांबतात. काहीतरी विचारतात आणि मग गप्प. मागे पंखा फिरत असतो, बाकी काही नाही. मग पुन्हा सुरू. आधी वाटलं, पुढे काय बोलावं ते सुचत नसेल. मग माझ्या अंगावर काटा आला. माझ्या खोलीला हव्या होत्या तशाच रिकाम्या जागा बाबांनी आयत्या करून ठेवल्या आहेत. येणाऱ्याने तिथे बोलायचं. पत्रकात मी तसं छापलंसुद्धा: 'माझ्या वडिलांनी अनोळखी श्रोत्यासाठी जागा सोडली होती.' संग्रहालयाच्या बाईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दारावर लावायला घेतलंय.

चाचणीला काही ओळखीच्यांना बसवलं. बाबांनी विचारलं, "घरी सगळं बरं ना?" तर एक बाई म्हणाल्या, "कुठलं बरं?" आणि अर्धा तास बोलतच राहिल्या. एरवी या बाई प्रदर्शनात येऊन सही करून निघून जातात. याच्यासाठी तर सगळा खटाटोप.

कॅसेट सोबत परत करते आहे. होती तशी कपाटात ठेवून दे. फार जुनी झाली आहे, वाजवून बघत बसू नकोस.

उद्घाटनाला या दोघं. आईला एवढा प्रवास झेपणार नाही, तिला राहू दे.

टिटवी

१८ एप्रिल

टिटवे,

उद्घाटनाला यायला जमलं नाही. वहिनी आजारी, दुकानात मी एकटा. वर्तमानपत्रात मात्र तुझा फोटो बघितला. केस विंचरले असतेस तर बरं झालं असतं.

ती बातमी आईला वाचून दाखवली. बाबांच्या आवाजाचा भाग तेवढा गाळला, आणि तिथेच फसलो. आईला गाळलेलं बरोबर ऐकू येतं. "आणि आवाज कुणाचा?" म्हणाली. सांगावं लागलं. मला वाटलं, आता डोळ्यांना धार लागणार. तर म्हणते कशी, "मग मलाही लाव की. दिसत काही नाही, दिवस जाता जात नाही. ते बोलतील तेवढंच बरं वाटेल." तिला सोसणार नाही, हे इतकी वर्षं आपणच ठरवून बसलो होतो.

जुन्या बाजारातून कॅसेट वाजवायचं यंत्र आणलं, पट्टा बदलून घेतला. आईला खुर्चीत बसवलं. तिने केस सारखे केले. बटण दाबलं, तर आत नुसतं सुर्र सुर्र. "नीट लागली नसेल, पुन्हा लाव," म्हणाली. पुन्हा लावली. मग तीच म्हणाली, "राहू दे, तुला दुकानात जायचं असेल." मला दुकानात जायचं नव्हतं, रविवार होता.

तुझ्या कॉम्प्युटरात आहेच, तेव्हा एक प्रत ताबडतोब पाठव.

आणि ते पत्रकातलं वाक्य बातमीत छापून आलं होतं. अनोळखी श्रोता कसला, टिटवे? त्या जागा आईच्या आहेत. तू पाळण्यात होतीस, मला चांगलं आठवतं. कॅसेट आली की आई मला बाहेर पिटाळायची आणि दाराला आतून कडी लावायची. मी दाराला कान लावून उभा राहायचो. बाबा विचारायचे आणि थांबायचे. आई उत्तर द्यायची. तिचं संपलं की बरोबर बाबा पुढे बोलायला लागायचे. तिला कशाला किती वेळ लागतो, ते त्यांना पक्कं माहीत होतं. तिचं बोलणं त्यांना कधी ऐकू जाणार नव्हतं, तरी ती सगळं सांगायची. एकदा तर कडकडून भांडली होती.

दादा

३ मे

दादा,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसायचे आणि कागद फाडायचे, असं चाललं होतं. आता सरळ लिहिते.

प्रत नाही.

कॅसेट इथे एकदाच वाजली. परत गुंडाळताना तिच्यावरचा तपकिरी थर भुकटी होऊन गळून पडला. हे मी तुझ्यापासून लपवलं. आवाज कॉम्प्युटरात उतरला होता, तिथून हव्या तेवढ्या प्रती निघाल्या असत्या. आवाजवाल्याने मला दोनदा विचारलं. मी नको म्हटलं, कारण माझी ती पद्धत आहे. कपाटात प्रत सुखरूप असली की खोलीतलं लोकांचं बोलणं लुटूपुटूचं होतं. खरंच काही जाणार असेल तरच माणूस जबाबदारीने बोलतो. हे मी मुलाखतीत सांगितलं, भाषणात सांगितलं, टाळ्या घेतल्या. बाबा माझे, तेव्हा त्यांना द्यायचा हक्क माझा, असं मी धरूनच चालले होते. जात होतं ते कुणाचं, हा विचार मनाला शिवलाही नाही.

सुरुवातीचे बाबा पहिल्या काही दिवसांतच गेले. लोक वाटेल ते बोलतात रे. एकाने शिट्टी वाजवली. एका जोडप्याने एकमेकांना कोपराने ढोसत 'हॅलो, हॅलो' म्हटलं, त्यात बाबांचं एक अख्खं वाक्य गेलं. आणि एक म्हातारे गृहस्थ सारखे येतात, त्यांचा मुलगा त्यांच्याशी बोलत नाही, त्याच्याशी इथे येऊन बोलतात. शिट्टीवाल्याचा राग करता येतो, या आजोबांचं काय करू? शेवटापर्यंत बसायला फारसं कुणाला सवड नसते, म्हणून शेवटचा तुकडा तेवढा शिल्लक आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संग्रहालयाच्या बाईंकडे गेले आणि काम बंद करा म्हटलं. त्यांनी शांतपणे माझंच पत्रक पुढे केलं. त्यात मीच लिहिलंय, 'दार उघडल्यावर हे काम थांबवण्याचा अधिकार कलावंताला नाही.' बाहेर रांग उभी होती. शेवटी दुरुस्तीची पाटी लावून थोडे दिवस खोली बंद ठेवायला त्या कबूल झाल्या. तेवढ्यात आईला घेऊन ये. फक्त माइक बंद करता येत नाही. माइक बंद केला की खोली मुकी होते. कुणी नुसतं ऐकून जाऊ नये म्हणून मीच तसं बांधून घेतलं होतं.

उरलेल्याची प्रत काढायला बाई हो म्हणाल्या आहेत. काढून ठेवू का?

टिटवी

८ मे

टिटवे,

रागाच्या भरात लिहिलेलं पत्र वहिनीने टाकू दिलं नाही. हे दुसरं आहे. यातही थोडा राग राहिला असेल, तो तुझ्या वाट्याचा आहे, घे.

तुझं काम मला कळत नाही, असं मी थट्टेने म्हणायचो. लोकांना कामात घ्यायचं, बोलू द्यायचं, हे चांगलंच असेल. पण जी त्यात पहिल्यापासून होती, तिलाच तू बाहेर ठेवलंस. अर्थात कपाटात हात मी घातला. सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडून मी नामानिराळा होणार नाही.

प्रतीचं म्हणशील, तर थांब. एकदा तिला न विचारता घेतलं, त्याचं काय झालं ते बघतोच आहोत. आता तिला विचारल्याशिवाय त्या आवाजाला कुणी हात लावायचा नाही. ती येऊ दे, ऐकू दे, मग विचारू. ती हो म्हणाली तर काढ. मोठा भाऊ म्हणून एवढं तरी माझं ऐक.

पुढच्या आठवड्यात आणतो तिला.

दादा

२७ मे

टिटवे,

पोचलो सुखरूप. आई परतीच्या वाटेवर गप्प होती, पण चांगली गप्प होती. मी बाहेर सामान सांभाळत बसलो होतो, त्यामुळे आत काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाली, "आमचं बोलणं झालं," आणि या वयात लाजली बघ. घरी आल्यापासून दोन घास जास्त जेवते. वहिनीला बाबांच्या गोष्टी सांगते, त्यातल्या निम्म्या मीही ऐकलेल्या नव्हत्या.

निघताना तू पांढरीफटक दिसत होतीस. कामाचा शीण असेल. जरा जिवाला जप.

प्रतीचं तिला विचारलं. "काढा की, त्यात विचारायचं काय?" म्हणाली. तेव्हा काढ आणि पाठव. कॅसेटवरच भर, तिला ती बटणं चाचपून लावता येतात. तुला फार लागेल असं बोललो मागच्या पत्रात. ते मनात ठेवू नकोस.

दादा

५ जून

दादा,

तू बाहेर होतास, म्हणून तुला सांगायला हवं.

आईला बाकावर बसवलं आणि म्हटलं, "नुसतं ऐक हं, मध्ये बोलू नकोस." का, ते सांगायचा मला धीर झाला नाही. तू बोललीस तर ते पुसले जातील, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? ती म्हणाली, "मी कशाला बोलतेय?" मी काचेपलीकडे आवाजवाल्याशेजारी जाऊन उभी राहिले.

आधी लोकांचे आवाज आले. परक्याच्या घरी बसावं तशी आई अवघडून बसली होती. मग बाबा आले. "अगं, धाकटीचा ताप उतरला का?" आणि थांबले.

धाकटी म्हणजे मी. एवढ्या वेळा ते वाक्य ऐकलं होतं, पण त्यांनी ते कुणाला विचारलं होतं हे मला तेव्हा दिसलं. आई लगेच म्हणाली, "अहो, उतरला हो. कालच उतरला. तुम्ही तिकडे जिवाला घोर लावून घेऊ नका." समोरच्या पडद्यावर बाबांचं बोलणं निळ्या पट्टीत दिसतं. तेवढी पट्टी पिवळी झाली, म्हणजे तिथे आता आईचं बोलणं आलं.

आवाजवाल्याचा हात बटणावर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. थांबवलं असतं तर पुढचं वाचलं असतं. मी मानेनेच नको म्हटलं. माझे आई-बाबा एकमेकांशी बोलत होते, दादा. तसं ऐकल्याचं मला आठवतच नाही. त्यांच्यामध्ये मी कशी पडणार?

ते विचारत गेले, ती सांगत गेली. घरमालकाचं, तुझ्या शाळेचं, गळणाऱ्या नळाचं. मध्ये एकदा हसली. संपलं तेव्हा पडद्यावर निळं काही उरलं नव्हतं. बाबा आता कुठेच नाहीत. शेवटी ते काय म्हणाले, तेही मला धड सांगता येत नाही, कारण मी आईकडे बघत होते.

मी बरोबर केलं का, याचं उत्तर मला रोज वेगळं मिळतं. त्या दिवशी वाटलं, माझ्या हातून एवढं एकच खरं काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि वाटलं, मी माझ्या वडिलांना डोळ्यांदेखत जाऊ दिलं, आणि तेही आईच्या तोंडून. खोली मी परत उघडलेली नाही. बाईंना काय वाटायचं ते वाटो. नुसतं ऐकायला येणाऱ्याला मी आजवर हिणवत आले. आईला नुसतं ऐकायचं होतं आणि माझ्या खोलीत तेवढी सोय नव्हती.

उरलं ते कॅसेटवर भरून पाठवते आहे. लोकांचे आवाज काढून टाकले, फक्त आई ठेवली. ती बोलते, थांबते, पुन्हा बोलते. तिला खरं काय ते तू सांग. माझी हिंमत होत नाही.

टिटवी

२१ जून

टिटवे,

कॅसेट आणि पत्र एकदमच आलं. पत्र आधी वाचलं आणि दुकान बंद करून घरी गेलो.

बटणाचं सांगतो. मी असतो तर दाबलं असतं, आणि आईला अर्ध्यावर तोडलं म्हणून मग जन्मभर चुटपुटत बसलो असतो. प्रत काढू नकोस, हे सांगणारा शहाणा मीच. तेव्हा तू एकटी ते घेऊन बसू नकोस.

तिला सगळं सांगायचं, असं ठरवूनच घरात शिरलो. पण कॅसेट आली म्हटल्यावर तिने ती माझ्या हातातून घेतलीच. चाचपून यंत्रात घातली आणि खुर्ची जवळ ओढली. "अहो, उतरला हो," असं सुरू झालं. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, ते तिला ठाऊकच नाही. तिचा आवाज आजवर कुणी भरून घेतलाच नव्हता.

थोडं ऐकून तिने माझ्याकडे तोंड केलं. "ही कोण रे? यांना अहो काय म्हणते?"

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो.

"घरातलं बरंच ठाऊक दिसतंय हिला," म्हणाली. "टिटवीने लोक बसवलेत ना बोलायला, त्यांतलीच असेल कुणीतरी." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "असू दे. तिचेही असतील कुठेतरी लांब."

तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं. म्हटलं, "आई, ऐक." तिने हात वर करून मला गप्प केलं.

"थांब जरा. ती थांबलीय. आता ते बोलतील."

कॅसेट संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आता रोज दुपारी लावते. मला एकट्याला सांगवत नाही. तू ये.

दादा